गवराबाईचे मुळे

गवराबाईला कुणी अडाणी म्हणायचं नाही, आधीच सांगून ठेवतो. चाकणजवळच्या गावात तिनं एकटीच्या जिवावर कंपनीतल्या पोरांसाठी भाड्याच्या खोल्या बांधल्या, अन् खोल्यांमागचं मुळ्याचं वावर बी विकलं नाही. पण नात तेजलच्या पोटानं तिचं डोकं फिरवलं होतं.

पोरीला जंत. गोळी दिली, पडले. पुन्हा झाले. पुन्हा गोळी, पुन्हा तेच.

गवराबाईनं गूळ बंद केला. गाड्यावरची भेळ बंद. पाणी उकळून गाळून. नखं तर अशी कापली की पोर रडली. तरी पोट फुगलेलं अन् हातापायाच्या काड्या. राहिलंय काय मग?

शेवटी सून तनुजानं पिशवी भरली. "मी हिला तळेगावला आईकडं नेते. हितं काय हाय ते तुमालाबी कळंना, मलाबी."

"म्हंजी माझ्या घरात खोट हाय व्हय?"

तनुजानं पिशवीला गाठ मारली. ते जास्त लागलं.

तेवढ्यात मागं टँकर आला. खोल्यांच्या संडासाची टाकी भरली की टँकरवाला जयदीप त्यातला मैला टँकरमधी ओढायचा अन् पाईप मुळ्याच्या पाटात सोडायचा. गवराबाईनंच सांगितलेलं. खत हाय, वाया कशाला? निम्मं गाव तसंच करतं.

पाईप सुटला. बांधावर तेजल होती. तिनं कडेचा मुळा उपटला, फ्रॉकला पुसला अन् कचकन चावला. हेबी आजीनंच शिकवलेलं. वावरातला मुळा धुतला की चव जाते.

गवराबाई बघतच राहिली. पाईप. मुळा. पोरीचं तोंड.

"थुक! तेजे, थुक आधी! ए जयदीप, बंद कर!"

"आजी, तुम्हीच तर सांगितलेलं..."

"मीच. म्हणूनच बंद कर."

"मग कुठं सोडू? ओढ्यात?"

ओढा नदीला जातो. नदी आळंदीला. "न्हाई, तिथं न्हाई."

"मग भरला टँकर घेऊन घरी झोपाया जाऊ का?"

"मला काय ठाव रं!"

ती वावरात शिरली अन् दोन्ही हातांनी मुळे उपटायला लागली. "कुणाकुणाला खाऊ घातलं गं मी हे?"

तनुजानं पिशवी बांधावर ठेवली, पदर खोचला अन् दुसऱ्या सरीला लागली. टँकर तसाच भरलेला उभा. जयदीप एकदा ओढ्याकडं बघं, एकदा रस्त्याकडं.