नत्थूकाकांचे पिच्चर

"पिच्चर चांगला हाये. पण टाकीत जाऊन पाहू नका, बिघडन."

फोनोची सुई तबकडीवरून अलगद उचलत नत्थूकाका असा निकाल द्यायचे, आणि अमरावतीतल्या आमच्या गल्लीत त्यावर अपील नसे. निकाल देणाऱ्या या गृहस्थांनी टॉकीजचं तोंड वर्षानुवर्षं पाहिलेलं नव्हतं. त्या काळी मुंबईत लागलेलं पिक्चर आमच्याकडे यायला महिनेच्या महिने लागत. त्याच्या गाण्यांच्या तबकड्या मात्र आधीच येऊन पोचत. त्यामुळे पिक्चर गावात लागायच्या कितीतरी आधी आमच्या गल्लीत ते पास किंवा नापास झालेलं असे. पुढे ते खरोखर लागलं की आम्हाला उगीचच शिळं वाटायचं.

नत्थूकाकांचा धंदा फुलांचा. गावाबाहेर थोडा मळा, आणि देवळाच्या वाटेवर हारांचं दुकान. घरी काशीकाकू. पहिल्या बाळंतपणात काकूंचं मूल गेलं आणि कमरेखालचं अंगही गेलं. तेव्हापासून त्या पुढच्या खोलीतल्या खाटेवर बसून हार गुंफत. रेकॉर्डवाल्या शेठजींच्या दुकानातल्या देवाला रोज काकांकडचा हार जायचा. त्या बदल्यात शेठजी नव्या पिक्चरच्या तबकड्या एका संध्याकाळपुरत्या काकांना द्यायचे, वर गाण्यांचं चोपडंही द्यायचे. दिवेलागणीला काका चावीचा फोनो खाटेजवळ ओढायचे, आणि आम्ही गल्लीतली रिकामटेकडी मंडळी उंबऱ्यापासून ओट्यापर्यंत जागा धरायचो.

गाण्यांच्या त्या चोपड्यात पहिल्या पानावर पिक्चरची गोष्ट छापलेली असे, आणि ऐन मोक्याच्या जागी 'पुढे काय झालं ते पडद्यावर पाहा' असं म्हणून ती तोडलेली असे. काका तिथवर वाचायचे, चष्मा काढायचे आणि म्हणायचे, "पडद्यावर काहून पाहाव? गान्यात सारं हायेच ना." मग एकेक तबकडी लावून ते उरलेलं पिक्चर आम्हाला दाखवायचे. दाखवायचेच म्हणायला हवं. नायिकेच्या लुगड्याचा काठ, तिच्या बापाची मिशी, मोटारीचा रंग, सगळं त्यांना दिसत असे. त्यांची तर्कपद्धतीही बिनतोड होती. "या पिच्चरमंधी पोरीच्या बापाले एकबी गानं नाई. म्हंजे त्याचं घरात कोनी ऐकत नाई. लगन होनारच." किंवा, "गुंडाले गानं देल्लं नाई. काई जोर नाई त्याच्यात. तिसऱ्या रेकॉर्डले पकडला जाते तो." आणि नायिकेचं एखादं रडगाणं लागलंच तर खाटेकडे बघून म्हणत, "तुमी घाबरू नका. असा आवाज असलेली बाई मरत नसते."

काशीकाकू हातातली शेवंती थांबवून ऐकायच्या. शेवट झाला की सुईत दोरा ओवत म्हणायच्या, "बरं झालं बाई. सुटली बिचारी."

या शाळेचा सर्वांत हुशार विद्यार्थी म्हणजे मी. मी नुकताच बी. ए. होऊन कचेरीत कारकून म्हणून चिकटलो होतो, आणि केसांचा कोंबडा काढणं हे साहित्याच्या अभ्यासाचं अंग समजत होतो. आमच्या अण्णांच्या मते टॉकीजमध्ये शिरलेला मुलगा बाहेर येतो तो वाया जाऊनच. त्यामुळे पिक्चर पाहायची माझी छाती नव्हती. पण मतं मांडायला छाती लागत नाही. काकांकडे संध्याकाळी ऐकलेलं मी दुसऱ्या दिवशी कचेरीत शुद्ध मराठीत सांगायचो. 'दिग्दर्शकाने शेवट संयमाने हाताळला आहे' वगैरे. कचेरीतले लोक मला चित्रपटातला जाणकार समजत. मीही समजत असे.

अशा जाणकारीच्या भरात मी अकोल्याला मुलगी पाहायला गेलो.

मुलीचे वडील शाळामास्तर. बैठकीत पोहे आले, पाठोपाठ मुलगी आली. सुमन तिचं नाव. तिच्या आत्याने मला विचारलं, "फावल्या वेळात काय करता?" मी कोंबडा सावरत म्हणालो, "चित्रपटांचा थोडा व्यासंग आहे." तेव्हा अकोल्यात तळ्याकाठच्या दोन प्रेमिकांचं एक पिक्चर जोरात चाललं होतं. आत्याने त्याच्याबद्दल विचारलं. ते तर काकांच्या खोलीत आम्ही केव्हाच पास केलेलं. मी सुरू झालो. छायाचित्रण बरं आहे, संवाद जरा लांबले आहेत, पण शेवट! नायिका अंतरपाटाआडून जी हसते, त्यातच सगळं आलं.

खाली मान घालून बसलेल्या सुमनने पहिल्यांदा वर पाहिलं. "कोणाचं लग्न होतं?"

"नायिकेचं," मी म्हणालो.

"ती तर तळ्यात बुडते," ती म्हणाली. "आम्ही सगळ्याजणी रडलो."

शहाण्या माणसाने इथे पाण्याचा पेला तोंडाला लावला असता. मी म्हणालो, "तुमच्याकडे वेगळी रिळं आली असतील."

मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. धडा न वाचता ठोकलेली अशी उत्तरं त्यांनी वर्गात बऱ्याच वेळा पकडली असावीत. "कळवतो," एवढंच ते म्हणाले. कळवलंही. मध्यस्थ असलेल्या मामाने निरोप आणला की मुलगा तोंडावर खोटं बोलतो, आज पिक्चरबद्दल बोलला, नोकरीबद्दल काय सांगितलं असेल देव जाणे. आईने पदर डोळ्यांना लावला. आणि मला तर, खरं सांगतो, ती मुलगी मनापासून आवडली होती. माझ्याकडे बघून 'बुडते' असं स्वच्छ सांगणारं त्या वेळपर्यंत कोणी भेटलंच नव्हतं.

मी तडक नत्थूकाकांच्या दारात गेलो आणि ओरडलो, "काका, ती बुडते!"

काकांनी झेप घेऊन माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला झेंडूचा वास होता. मला ओढत त्यांनी पार विहिरीपर्यंत नेलं.

"हळू बोल, बाबू. काशी ऐकन ना."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मले काय माहीत? मी कुठी पाह्यला?" ते विहिरीच्या कठड्यावर टेकले. "पन पिच्चरमंधी अर्धे लोक मरतेतच, येवढं समजते. एकडाव चुकून मी एकाले मारलं. नुसता हीरोचा भाऊ होता. काशी दोन दिस जेवली नाई. तिले आपलं गेलेलं लेकरू आठवलं. तवापासून आपल्या घरी कोनी मरत नाई."

मी माझी फिर्याद सांगितली. काका म्हणाले, "तुले खोटारडा म्हनून राहिले काय? माझ्या पिच्चरपायी?" एवढं म्हणून ते उठले. दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं. काकूंजवळ माझ्या आईला बसवून नत्थूकाका स्वच्छ धोतर नेसून, हातात फुलांची पुडी घेऊन अकोल्याला गेले. काकूंना त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दिवसभर सोडलं होतं.

तिथे काय झालं ते मला पुढे सुमननेच सांगितलं. काका बैठकीत न बसता दारातच उभे राहिले आणि मास्तरांना म्हणाले, "गुर्जी, पोट्टा खोटारडा नाई. खोटारडा मी हावो. तो नुसता भोळा हाये, अन् ते त तुमी पाह्यलंच." मग त्यांनी खाटेची, फोनोची आणि काकूंची सगळी गोष्ट सांगितली. निघताना सुमनला म्हणाले, "बाई, तू याले हो म्हन, नाई म्हन, तुयी मर्जी. पन आमच्या गल्लीत आलीस त येक कर. ते पोरगी बुडते, हे आमच्या घरात बोलू नोको."

सुमनने होकार दिला. का दिला, असं मी आजवर पुष्कळदा विचारलं आहे, आणि उत्तर कधी बदललेलं नाही. "असा माणूस राहतो ती गल्ली बघावी असं वाटलं. तुम्ही त्याच गल्लीत राहत होता, एवढंच."

लग्नानंतर ती पाया पडायला गेली तेव्हा काशीकाकूंनी तिचा हात धरून खाटेवर बसवलं. "तू टाकीत जाऊन पाह्यते म्हने. तो तळ्याचा पिच्चर पाह्यला काय व? शेवटी काय होते?" काका फोनोपाशी तबकडी हातात घेऊन उभे होते. मी विषय बदलायला तोंड उघडलं, कारण ही बाई खरं बोलते हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

"लग्न होतं, काकू," सुमन म्हणाली. "अंतरपाटाआडून ती हसते ना, तिथे मला रडू आलं."

काकांनी तबकडी लावली. चावी द्यायचं मात्र विसरले.

नत्थूकाका पुढे एका उन्हाळ्यात गेले. मळ्यातून आले, पाणी मागितलं आणि ओट्यावर आडवे झाले ते उठलेच नाहीत. दुकान पुतण्याकडे गेलं. काकू हार गुंफत राहिल्या, पण बोलेनाशा झाल्या. आपण काहीतरी करायला हवं म्हणून मी शेठजींकडून तबकड्या आणल्या आणि फोनो खाटेजवळ ओढला. एव्हाना अण्णांचा धाक संपला होता आणि मी पिक्चर पाहायला लागलो होतो. या तबकड्यांचं पिक्चरही पाहिलं होतं. म्हणजे तयारी चोख होती. शेवटच्या गाण्यानंतर मी सांगत सुटलो, "मग ती घर सोडते, नदीवर जाते, आणि नदीत..." तिथे मला विहिरीवरचे काका आठवले.

"नदीत काय?" काकूंनी विचारलं.

"पोहते," मी म्हणालो.

काकू हसल्या. काका गेल्यापासून पहिल्यांदाच हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले.

"तुले नाई जमत, बाप्पा. सुमनले पाठवत जाय. येवढी मी भोळी हावो काय रे? जगात सगळ्यायचं गोड होते काय? पन ते दिवसभर उनात राबून येत, अन् मले बरं वाटाव म्हनून ते पोरगी वाचवत. मंग मी काहून त्यायचा पिच्चर पाडू?"

मग काकू होत्या तोवर सुमन रोज संध्याकाळी जायची. अंतरपाट, हसणारी नायिका, सुधारलेला बाप, सगळं ती इतकं बेमालूम सांगायची की ओट्यावर बसून मीही ऐकायचो. खोटं बोलतो म्हणून ज्या घराने मला नाकारलं होतं, त्याच घरातली मुलगी हे सांगत होती, आणि मला ओट्यावरून आत यायची परवानगी नव्हती.

ती सवय आमच्या घरात अजून आहे. पिक्चर रंगात आलेलं असतं, नायिका खोकत असते, मी रुमाल काढलेला असतो, आणि शेजारी सुमन पायाने चपला चाचपायला लागते.

"अहो, थोडंच राहिलं," मी म्हणतो.

"राहू द्या," ती म्हणते. "चला. शेवट मी घरी गेल्यावर सांगते."