दरबार चौकातली खिडकी

भिकाजी तांबे रत्नागिरीत सत्तावीस वर्षं सुतारकाम शिकवत होते. निवृत्त झाल्यावर, १९९८च्या नोव्हेंबरात, ते पत्नी सुंदराबाईंसह बुद्धगया, लुंबिनीच्या यात्रेला निघाले. यात्रेचा शेवटचा दिवस काठमांडूच्या दरबार चौकाचा होता, आणि भिकाजींचं अर्धं लक्ष त्यावरच होतं. तिथल्या शेकडो वर्षांच्या लाकडी खिडक्या खिळा न मारता सांधलेल्या आहेत, असं ते दरवर्षी वर्गात सांगायचे. पाहिली मात्र एकही नव्हती.

त्या दिवशी नऊला चौकात पोचायचं होतं. यात्रा कंपनीच्या मॅनेजरने बस आधी शालींच्या दुकानाशी उभी केली. तिथेच साडेअकरा वाजले.

"चौकात अर्धा तास," उतरताना मॅनेजर म्हणाला. "शिट्टी वाजली की बसमध्ये."

चहूकडे देवळांची एकावर एक चढलेली छपरं होती, पायऱ्यांवर माणसं निवांत बसलेली होती. भिकाजी भराभर चालले. एका अंगणात म्हातारा कारागीर जुन्या खिडकीची जाळी दुरुस्त करत होता. आपणही सुतार असल्याचं भिकाजींनी मोडक्या हिंदीत सांगितलं. म्हाताऱ्याने हसून बसायला फळी सरकवली. दोन पट्ट्या खाचेत बसवून झाल्या होत्या. त्या हलू न देता तिसरी आत कशी जाणार, हेच भिकाजींना कळत नव्हतं. म्हाताऱ्याने ती उचलली आणि शिट्टी वाजली.

"अहो, चला," सुंदराबाई म्हणाल्या.

"थांब गो, दोन मिनिटं."

मॅनेजर स्वतःच आला. "काका, चाळीस माणसं उन्हात उभी आहेत. रत्नागिरीत काय खिडक्या नाहीत?"

म्हाताऱ्यासमोर भिकाजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते उठले.

बसमध्ये ड्रायव्हरच नव्हता, जेवायला गेला होता. भिकाजी उतरू लागले, तर मॅनेजर दारातच उभा. "आता कुणी उतरायचं नाही." बस पाऊण तास तशीच उभी राहिली. सुंदराबाईंनी पाणी पुढे केलं, तर ते त्यांच्यावरच खेकसले.

"माझ्यावर कशाला?" त्या म्हणाल्या.

भिकाजींनी मान खाली घालून पाणी घेतलं. शिष्यांवरही त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी फणसाच्या पट्ट्या तासायला घेतल्या. दोनदा खाच फुटली. महिन्याभराने तिसरी पट्टी एकदाची आत गेली.

"जमलं की हो," सुंदराबाई म्हणाल्या.

"जमलं. पण तो कसा करत होता ते नाही कळलं," भिकाजी म्हणाले आणि जाळी पुन्हा सुटी करू लागले.