पडायचा सराव

आमच्या गोडादरा भागातल्या बागेत सकाळी एक पन्नाशीचे गृहस्थ दिसायचे. कापड गुंडाळायची पुठ्ठ्याची जाड नळी गवतावर आडवी, तिच्यावर फळी आणि फळीवर हे, हात पसरून डुलत. मग मुद्दाम पडायचे, गुडघे झाडून उठायचे, पुन्हा चढायचे.

शेवटी मी विचारलंच.

"लेक हिवाळ्यात मनालीला नेणार आहे," ते म्हणाले. "बर्फावर फळीवरून घसरायला."

"मग नीट उभं राहायला शिका की! सारखे पडता काय?"

ते हसले. "भाऊ, उभं राहायचं काय शिकू? सगळी उमर कापडाच्या लूमवर उभ्यानंच गेली. पडायचंच राहून गेलं."

ते पुन्हा चढले, डुलले, पडले. या वेळी मात्र त्यांनी उठायची घाई केली नाही. डोक्याखाली हात घेऊन आभाळ बघत राहिले.