यशयाकाकांचा बिबट्या

भिंगारच्या यशया उजागरे यांनी जिवंत बिबट्या कधीच पाहिला नव्हता, आणि ही गोष्ट त्यांच्याखेरीज फक्त त्यांच्या बायकोला, एस्तेरला ठाऊक होती. नगर जिल्ह्यातल्या निदान चाळीस शाळांचा मात्र पक्का समज होता की काकांची आणि बिबट्याची समोरासमोर गाठ पडलेली आहे.

त्याला कारण त्यांची नोकरी. शहरातल्या एका लहानशा संग्रहालयात ते पहारेकरी होते. पेंढा भरलेला बिबट्या, दोन काळवीट आणि एक डोळा निखळलेलं तरस यांच्यावरची धूळ झटकायची, एवढंच काम. मग संग्रहालयानं शाळकरी मुलांसाठी वन्य प्राणी वाचवायचा कार्यक्रम काढला. माहिती सांगायला नेमलेल्या बाई पहिल्याच आठवड्यात आजारी पडल्या, आणि हातातलं फडकं ठेवून काका बोलायला उभे राहिले ते आजतागायत थांबलेले नाहीत.

बोलायची हौस चर्चमधली. रविवारी साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायला, काका कायम पुढे. साध्या तापातून उठल्याची साक्ष द्यायची तर ताप थोडा वाढवून सांगावा लागतो, हे त्यांना अनुभवानं कळलं होतं. संग्रहालयातही तेच झालं. काळविटांपर्यंत ते छापील कागदाबरहुकूम चालत. बिबट्यापाशी आले की कागद खिशात जाई.

"संगमनेरकडं उसात शिरलो होतो, मुलांनो. समोर हा! ह्याच्यापेक्षा हातभर मोठा. मी काय केलं? गुडघे टेकले, त्याच्या डोळ्यांत डोळे घातले आणि प्रार्थना सुरू केली. त्यानं मान खाली घातली आणि गुपचूप निघून गेला. आपण त्याला त्रास दिला नाही, तर तोही आपल्या वाटेला जात नाही. लक्षात ठेवा!"

मुलं टाळ्या पिटत. शेवटचं वाक्य कार्यक्रमाच्या हेतूला धरूनच असल्यामुळे आधीची थाप काकांना टोचत नसे.

"तुमचा बिबट्या दर महिन्याला वीतभर वाढतोय," एस्तेर म्हणायची. "एक दिवस संग्रहालयाच्या दारातून मावायचा नाही."

"अगं, मुलांना गोडी लागते."

"मुलांना लागते की तुम्हाला?"

कार्यक्रमानंतर प्रत्येक मुलानं 'आज मी काय शिकलो' हा कागद भरून द्यायचा. ते गठ्ठे घरी आणून वाचणं ही काकांची चैन होती. स्वतःचं कौतुक आलं की ते एस्तेरला दोनदा ऐकवत. एका बुधवारी मात्र एक कागद त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचला. कागद संगमनेर तालुक्यातल्या एका खेड्यातल्या शाळेतल्या, तिसरीतल्या रेश्माचा होता.

'बिबट्या आला की पळायचं नाही. गुडघे टेकून बसायचं आणि त्याच्या डोळ्यात बघायचं. मग तो जातो. आमचं घर उसात आहे. मी आणि ताई उसातून शाळेत येतो. ताई म्हणते ओरडायचं. पण मी काकांनी केलं तसंच करणार.'

काकांनी खिशातला छापील कागद काढला. खाली बसलेलं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं दिसतं, म्हणून त्याच्यासमोर कधीही बसू नका, असं त्यात ठळक अक्षरांत होतं. गोष्टीच्या आड येतं म्हणून ते वाक्य त्यांनी आजवर एकदाही वाचून दाखवलं नव्हतं. त्या पोरीला उद्या सकाळीही उसातूनच जायचं होतं.

त्यांनी लगेच तिच्या शिक्षिकेला, ज्ञानेश्वरी बाईंना फोन लावून तिला समजवायला सांगितलं. शुक्रवारी बाईंचा उलट फोन आला. "सांगून थकले. ती म्हणते, काकांनी पाहिलाय, तुम्ही कुठं पाहिलाय?"

शनिवारी सकाळच्या शाळेला काका पहिल्या एसटीनं पोचले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या ऐकून काकांची जीभ क्षणभर वळवळलीच. आपल्याला भेटलेला बिबट्या जरा वेगळा होता, प्रार्थना कळणारा होता, असं काहीतरी सांगून निभावता आलं असतं. पण पुढच्याच रांगेत दोन वेण्या घालून रेश्मा बसली होती.

"मी खोटं बोललो," काका म्हणाले. "बिबट्या मी कधीच पाहिला नाही. पाहिला तो फक्त पेंढ्याचा."

टाळ्या कुठल्या कुठे गेल्या. काकांना इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. त्यांनी सगळ्यांना उभं केलं. खाली बसायचं नाही, पाठ फिरवून पळायचं नाही, हात वर करून मोठं दिसायचं, ओरडायचं, हळूहळू मागं सरायचं, आणि उसातून घोळक्यानंच जायचं, हे दहादा करून घेतलं.

तेवढ्यात मागून सातवीतली सृष्टी, रेश्माची ताई, उठली. "मला तवाच कळलं हुतं, काका. बिबट्या बघितलेलं मानूस असं हसत न्हाई सांगत. आमी दोनदा बघितलाय." मग बहिणीकडं बोट करून म्हणाली, "ही ऐकतच नव्हती. रोज मांजरापुढं गुडघं टेकून बसायची. म्हनायची, काका खोटं कशाला बोलतील?"



शाळा सुटली. एसटीचा फाटा उसापलीकडं होता. काका एकटेच निघाले तशी रेश्मा धावत आली. "काका, एकटं न्हाई जायचं!" पोरं जमली. मोठी कडेनं, लहानगी मधे, असा त्यांचा रोजचा रिवाज. त्यांनी काकांना लहानग्यांत घेतलं.

दोन्ही बाजूंना पुरुषभर ऊस. आत कुठंतरी उसाचं वाळलेलं पाचट वाजलं आणि काकांनी रेश्माचा हात गच्च धरला. तिनं वर बघितलं.

"भ्या वाटतंय का?"

"लई," काका म्हणाले.

"मग वरडा की."

आणि काका ओरडले.