सुगंधाबाईंच्या घरचं पाणी

सुगंधाबाई गजभिये दारात आलेल्या माणसाला नाव विचारायच्या आधी पाणी द्यायच्या. हातात पितळेचा लोटा, त्यावर पालथा पेला. पेला भरून दिला की तो ओठाला लागेपर्यंत समोरच्याच्या तोंडाकडे एकटक बघत उभ्या राहायच्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्याकडेही तशाच बघत होत्या. मी पाणी संपवलं, तेव्हा कुठे म्हणाल्या, "हव, आता बसा मॅडम."

ईशा, रोहन, नातवंडांनो, तरुणपणी मी महिला मंडळात होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहरात, शंकर नगरात आमच्या सभा व्हायच्या. निवेदनं मीच इंग्रजीत लिहायचे. पण मार खाऊन आलेल्या मुलीला ठेवायचं कुठे? आमच्यापैकी कुणाच्या घरी ठेवली की सासरचा कुणी ओळखीचा काका येई, चहा घेई, "घरातली गोष्ट आहे" म्हणे, आणि संध्याकाळपर्यंत मुलगी परत सासरी.

सुगंधाबाईंचे यजमान रेल्वेच्या वॅगन कारखान्यात होते. घर भनपुरीच्या बाजूला, बौद्ध कुटुंबांच्या वस्तीत. पहिली मुलगी त्यांनी आपणहून मागून घेतली. "तुमच्या घरी ते सोफ्यावर बसतात. माह्या घरी उंबऱ्याच्या भायेर थांबतात. काहून, ते तुमाले ठाऊक हाय."

तसंच व्हायचं. सासरचे पुरुष यायचे, सुगंधाबाई लोटा घेऊन पुढे व्हायच्या. "या न भैया, आत या. पहिले पाणी प्या, मंग बोलू." त्यांची नजर लोट्यावर जायची, मग एकमेकांकडे. त्या घरचं पाणी प्यायचं, या कल्पनेनंच पाय मागे सरायचे. रस्त्यावरूनच आरडाओरडा करून ते निघून जायचे. "मले नाही भेत ते," सुगंधाबाई म्हणायच्या, "माह्या लोट्याले भेतात."

त्या धीट होत्या असं मात्र समजू नका. दाराची कडी पुन्हा पुन्हा चाचपायच्या. गाडीचा आवाज आला की हातातली पोळी तव्यावर करपायची. मी एकदा म्हटलं, इतकी भीती वाटते तर कशाला करता? "भेव नसतं तर कडी लावाची आठवण कशी राहिली असती, मॅडम?"

पंडरी बाजारातल्या एका कापड व्यापाऱ्याची सून, नीता, त्यांच्याकडे होती. तिचं मनगट सुजून काळंनिळं झालं होतं. एका दुपारी मी तिचे कपडे घेऊन गेले आणि बाहेर जीप थांबली. नीता आणि मी आतल्या खोलीच्या पडद्यामागे झालो. त्या घराला मागचं दार नव्हतं. आवाज होऊ नये म्हणून नीतानं स्वतःच्या बांगड्या घट्ट धरून ठेवल्या होत्या.

पुरुष जीपपाशीच राहिले. उतरून आली ती सासू.

"या अम्मा. पहिले पाणी प्या."

सासूनं उंबरा ओलांडला, पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला.

पाण्याखेरीज त्या घराला दुसरं कुलूप नव्हतं. फटीतून मला सुगंधाबाईंची फक्त पाठ दिसत होती. लोटा कलंडला होता, पाणी फरशीवर टपटपत होतं. सासू पडद्याकडे बघत होती.

"बहू अंदर है?"

सुगंधाबाईंनी लोटा दोन्ही हातांत धरला.

"बहुत रोती है क्या?"

"हव." आवाज जेमतेम ऐकू आला.

म्हातारीनं पेला पुन्हा पुढे केला. तेही पाणी प्यायली, तोंड पुसलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बाहेर जाऊन मुलाला म्हणाली, "यहाँ कोई नहीं है. चलो."

जीप गेली. सुगंधाबाई ओल्या फरशीवरच बसल्या. मला आनंद मावत नव्हता. "बघितलंत? प्यायली ती!"

त्या चिडल्या. "खुश काहून होऊन राहिल्या तुमी? ही बाई चांगली निघाली. उद्या तिचा पोट्टा असाच पाणी पिऊन आत शिरला तर? समदेच पाणी प्यायला लागले, तर पोट्ट्या लपवाच्या कुठं?"

नीताला आम्ही दुसऱ्याच दिवशी नागपूरला पोचवलं. पुढे ती तिथे नर्स झाली.

अलीकडे मंडळाची स्मरणिका निघाली. आमची सगळ्यांची नावं, फोटो, माझी निवेदनंसुद्धा. सुगंधाबाई कुठेच नाहीत. मी फोन केला. आताच्या सेक्रेटरी गोड आवाजात म्हणाल्या, "पण त्या सभासद नव्हत्या ना, ताई." खरं होतं. त्यांच्या घरी मुली ठेवल्या, पण त्यांना सभासद करून घ्यायचं कुणाच्या मनात आलं नाही.

या हिवाळ्यात सुगंधाबाई गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा दार त्यांच्या मुलीनं, सुजातानं उघडलं. ती शाळेत शिकवते. रडली, पण आधी आत जाऊन तोच लोटा घेऊन आली आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"अजून हे चालू आहे?" मी विचारलं.

"पानी अब भी काम आता है, आंटी."

आतल्या पडद्यामागे बांगड्या वाजल्या आणि लगेच थांबल्या. मी पेला रिकामा करून परत दिला. निघाले, तेव्हा माझ्या पाठीमागे कडी लागल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं ती चाचपून पाहिल्याचाही.

मी पत्ते नेहमी पूर्ण लिहिते, पिनकोडसकट, आणि तुम्ही त्यावरून हसता. इथे सुगंधाबाईंचं नाव पूर्ण लिहिलं आहे. गल्ली लिहिलेली नाही.