उन्हात वाजवून दाखव

आमच्या स्नेहलचं नाव निघालं की वाडीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. आता नाव निघालं की गप बसत्यात. मदी काय झालं ते सांगते. मी तिची सासू, मालनबाई. सासू सुनेचं चांगलं बोलती म्हनून कुनाला शंका येत आसंल तर त्यानं खुशाल उठून जावं. माझं काय अडत न्हाई.

स्नेहल कर्जतकडची. तिचा मामा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा, त्यानंच तिला शिकवलं. दुसऱ्यांच्या सुनांसंगं कपाट येतं, हिच्यासंगं काळी इलेक्ट्रिक गिटार आली. मी कपाळाला हात लावला, खोटं कशाला बोलू? पन पोरगी कामाला वाघीन. कांदा काढायला दोन बायांचं काम एकटी उरकायची अन् सांच्याला हातपाय धुऊन अर्धा तास वाजवायची. माझा गोरक्ष नागापूरला कंपनीत, आठवड्याला घरी येतो. घरात आमी दोघीच. हळूहळू मलाच सवय लागली. एखाद्या दिशी वाजवलं न्हाई तर मीच इचारायची, "काय गं, आज गिटारीला उपास हाय का?"

वाडीत रविराजची बँजो पार्टी हाय. टेम्पोवर कर्णे बांधायचे, मागं ढोल-ताशा, अन् गान्याची चाल वाजवायची बँजोवर. गेल्या दिवाळीला त्याचा बँजोवाला भांडून दुसऱ्या पार्टीत गेला. लगीनसराई तोंडावर. आला रविराज मान खाली घालून आमच्या दारात.

"मालनकाकी, वहिनी वाजवत्याल का? दुसरा मानूस मिळस्तवर."

"वाजवंल," मी म्हनले, "पन टेम्पोत मागं लपून न्हाई. पुढं उभी राहून."

बाई गिटार घिऊन वरातीच्या पुढं! लोकांनी नाकं मुरडली. मुरडू द्या. ज्याचं नाक, त्यानं मुरडावं.

खरी अडचन येगळीच निघाली. स्नेहल वाजवायची झकास, पन ढोल सुरू झाला की गिटार गडप. नुसती चिरचिर. दोन लग्नं तशीच गेली. तिसऱ्या लग्नात एक टवाळखोर मोठ्यानं बोलला, "वहिनी वाजवत्यात का वारा घालत्यात?" सगळी वरात हसली. रविराजबी हसला. ते मी इसरले न्हाई.

दुसऱ्या दिशी तो म्हनला, "काकी, चैतात आपली जत्रा हाय. कावडीपुढं वाजवायचंय. ऐकू आलं न्हाई तर मी नगरचा बँजोवाला आननार. मग वहिनींनी घरीच वाजवावं."

आमच्या भैरवनाथाला आमची पोरं पैठनहून गंगेचं पानी चालत आनत्यात. भर दुपारी कावडी येशीत येत्यात अन् तितनं देवळापतुर नाचत जात्यात. त्या कावडींपुढं जो वाजवतो, त्याला वरीसभर पंचक्रोशी बोलवती. जो पडतो, त्याला कुनी इचारत न्हाई. म्हंजे तिचं वाजवनं राहनार का घरात कोंडनार, ते त्या एका दुपारी ठरनार हुतं.

स्नेहल त्या रात्री जेवली न्हाई. मी ताट पुढं सरकवलं तर म्हनली, "आत्या, माझ्या हातात कमी न्हाई हो. गिटारीला फझ पायजे."

"ते काय आसतं?"

"पायानं दाबायची लोखंडी डबी. पेडल म्हनत्यात. गिटारीची वायर तिच्यातनं गेली की आवाज जाड व्हतो, खरखरतो, अन् लांब टिकतो."

बुलेटचा सायलेन्सर काढल्यावर आवाज फाटतो, तसलंच काहीतरी, पन सुरात, असं मी समजून घेतलं. सकाळच्या एस्टीनं आमी दोघी नगरला.

माळीवाड्याच्या स्टँडापासून चालत जावं इतक्यावर ते वाद्यांचं दुकान. आत गारेगार एसी, काचंचं दार. दुकानदारानं आधी माझं लुगडं बघितलं, मग तिच्या पाठीवरची गिटार बघितली. "घरातच वाजवायचं ना ताई? मग पेडल कशाला? छोटा स्पीकरवाला अँप पुरे."

"घरात कोन म्हनलं?" मी म्हनले. "कावडीपुढं वाजवायचंय. फझ काढ."

त्यानं दोन डब्या काढल्या. एक राखी, जुन्या घाटाची, लई महाग. "यात जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर आहेत. जुन्या रेडिओत असायचे ते. जाणकार माणूस हेच नेतो." दुसरी निळी, टवके उडलेली. "हे सिलिकॉनचं. आवाज कर्कश. शिकाऊ पोरं नेतात."

स्नेहलनं राखी डबी पायानं दाबली अन् तार छेडली. काय सांगू! गूळ पाकाला आल्यावर कसा दाट व्हतो, तसा आवाज. पोरीच्या डोळ्यात पानीच आलं. मग निळी वाजवली. गांधीलमाशी कानात शिरल्यावानी. तिनं लगीच पाय काढला.

"आत्या, राखीच."

दुकानदार बिल फाडाया लागला. अन् माझं ध्यान त्या एसीकडं गेलं.

मालक वारले त्या वर्षी मी एकटी काष्टीच्या बाजारात बैल घ्याया गेल्ते. व्यापारी म्हनला, "बाई, कारभाऱ्याला पाठवा." कारभारी वर गेलाय, म्हनले, तूच जाऊन इचारून ये. त्यानं लिंबाच्या सावलीत उभा केलेला बैल दाखवला. काय देखना! शिंगं रंगवल्याली, कातडं चमकत हुतं. म्हनले, देखना हाय, आता भरल्या गाडीला जुप अन् उन्हात फिरव. तिसऱ्या फेऱ्याला बैल मटकन बसला. तवापासनं सावलीत उभ्या असल्याला मी भुलत न्हाई, मग तो बैल असो का सोयरा.

"थांब रे," मी दुकानदाराला म्हनले. "हे उन्हात वाजवून दाखव."

तो हसाया लागला. "मावशी, हा काय बैल आहे का?"

"बैल असता तर दात बघून मीच तुला सांगितलं असतं. ह्यातलं मला कळत न्हाई, म्हनूनच उन्हात बघायचंय. चैतातलं ऊन तुझ्या एसीला इचारून पडत न्हाई."

दुकानातली दोन कॉलेजची पोरं हसली. स्नेहलनं माझा पदर ओढला. "आत्या, चला ना, लोक बघत्यात."

"बघू दे. वरातीत हसले तवा त्यांना लाज वाटली का? मग आपुन का लाजायचं?"

दुकानाच्या पायरीवर भर उन्हात दोन्ही डब्या ठिवल्या. शेजारी बॅटरीवरचा बारका स्पीकर. मी म्हनले, चहा व्हईस्तवर तापू द्या. चहा झाला. स्नेहलनं राखी डबी दाबली अन् तार छेडली. डबी खोकली. आवाज उठला अन् मधीच तुटला. पुन्यांदा छेडली, पुन्यांदा तुटला. तो गुळाचा पाक कुठल्या कुठं गेला.

दुकानदाराचं तोंड बघन्याजोगं झालं. "जर्मेनियमला जास्त उष्णता सोसत नाही. हे तसं स्टुडिओसाठीचं पेडल आहे."

"हे तुला ठावं हुतं?"

तो राखी डबी फडक्यानं पुसाया लागला.

"ठावं हुतं, अन् उन्हात वाजवनाऱ्या पोरीच्या गळ्यात बांधत हुतास!" माझा आवाज चढला, रस्त्यावरची मानसं थांबली. थांबू द्या.

निळी डबी वाजवली. आत जशी कर्कश हुती तशीच बाहेर. उन्हाचं तिला काय सुदिक न्हाई.

स्नेहलचं तोंड मात्र उतरलं. जीव राखीवर जडला हुता अन् राखी उन्हात टिकत नव्हती. मला लई वाईट वाटलं, पन निवड तिची. वाजवायचं तिला हुतं. ती उठली, उन्हातच पायरीवर मांडी घालून बसली अन् निळीची बटनं फिरवाया लागली. हे कमी, ते जास्त, गिटारीचा आवाज निम्मा, मग पाऊन. एकदा तार दाबून वाजवली, एकदा सैल हातानं. घाम नाकावरनं टपटप गिटारीवर पडत हुता. आर्धा तास झाला. मग एकदम तिनं एक सूर काढला. खरखरीत, पन भरल्याला, अन् लांबच्या लांब गेला. समोरचा रसवंतीवाला चरक थांबवून बघाया लागला.

"आत्या, ही कर्कश न्हाई," ती म्हनली. "अडेल हाय. मी वळनावर आनते हिला."

निळी घेतली. महिनाभर रोज दुपारी, सगळी वाडी झोपल्याली असताना, ती पत्र्याच्या सावलीत न्हाई, खळ्यात भर उन्हात उभी राहून वाजवायची. शेजारचे म्हनायचे, झोपमोड व्हती. मी म्हनायची, जागं व्हा मग.

जत्रंचा दिवस आला. येशीत जाऊन बघते तर टेम्पोवर नगरचा बँजोवाला बसलेला. रविराज केबिनीत, पाय वर घिऊन. स्नेहलला म्हनला, "वहिनी, तुमी जरा बाजूला बसा. हे वाजवत्याल. उगं जोखीम नको."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शब्द दिला हुता त्यानं, ऐकू न्हाई आलं तर. ऐकायच्या आधीच मानूस आनून बसवला! मी तोंड उघडनार, तवर स्नेहल टेम्पोच्या पुढं गेली. निळी डबी तापल्या डांबरावर ठिवली. टेम्पोच्या कर्ण्यांना वायर लावली. समोर कावडी दिसाया लागल्या. "भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!" अशी आरोळी उठली, ढोल कडाडला, अन् तिनं पायानं डबी दाबली.

ढोलाच्या वरनं गेला हो तो आवाज! ढोल खाली, गिटार वर. पहिल्या कावडीवाल्या पोरानं चालता चालता मान वळवली, बघितलं, अन् तिच्याकडं तोंड करून कावड नाचवाया लागला. मग दुसरी नाचली, तिसरी नाचली. गंगेचं पानी हिंदकळून तिच्या गिटारीवर उडालं. नगरच्या बँजोवाल्यानं दोन कडवी साथ धरायचा प्रयत्न केला. मग बँजोवर फडकं टाकून तोच टाळ्या वाजवाया लागला. मी रडले. भर रस्त्यात रडले, काय चोरी हाय?

वारा घालत्यात का म्हननारा तो टवाळ पुढंच नाचत हुता. नाच बाबा, म्हनले, वारा लागतोय ना आता?

टेम्पो सरकंल तशी डबी पुढं सरकवत ती देवळापतुर वाजवत गेली. तितं कावडी टेकल्या. दुसऱ्या गावची दोन मानसं रविराजच्या केबिनीपाशी येऊन गिटारवाल्या बाईंना इचाराया लागली. रविराजनं खिडकीतनं मुंडी काढली. "वहिनी, लगीनसराईला येताल ना?"

मी पुढं झाले, पन स्नेहलनं माझा हात धरला. तीच बोलली.

"भाऊजी, केबिनीतनं न्हाई. खाली उतरा, उन्हात या, अन् मग इचारा."

देवाचा दिवस म्हनून रविराज अनवानी हुता. तसाच उतरला. डांबर तापलेलं. एका पायावरनं दुसऱ्या पायावर उड्या मारत, सगळ्या जत्रंच्या देखत, त्यानं पुन्यांदा इचारलं.

स्नेहलनं आधी गिटार पुसली. मग वायर गुंडाळली. मग निळी डबी फडक्यात बांधली. मग म्हनली, "येते."