भोजनगृहाच्या इतिहासात न बसलेलं

किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. विद्यापीठाच्या एखाद्या कमिटीवर नाव लागलं की ते घरपोच येतात, आणि बैठक संपली तरी जात नाहीत.

मी बाहेर शिकून, बरी नोकरी सोडून, आपल्या मुलखासाठी काहीतरी करायचं म्हणून परत आले. वाटलं होतं, वर्गात झोकून देऊन शिकवीन. हातात आली स्मरणिका कमिटी. काम काय, तर विद्यापीठातल्या भोजनगृहांचा इतिहास लिहायचा. वर्ष दुष्काळाचं. त्याच वेळी दुसरी एक कमिटी ‘पाणी नाही, तर मेस बंद करावी का’ यावर बसत होती. दोन्हींचे अध्यक्ष एकच. एका हातानं परंपरेचा गौरव, दुसऱ्या हातानं कुलूप.

मेस बंद झाली तर काय होईल, हे मला कमिटीनं नाही, सुनीतानं सांगितलं. ती माझ्या एम.ए.च्या वर्गात होती, पिशोरकडची. घरी मेंढरं. वसतिगृहात राहायची.

“मॅडम, मेस बंद झाली की बाबा न्यायला येणार. एकदा गावाकडं गेले की परत कोण धाडतंय? परीक्षा राहिली, अन् लग्न उरकलं.”

हे तिनं हसत सांगितलं.

*

पहिली मेस पत्र्याच्या शेडमध्ये होती. तेव्हा शहर लांब होतं, मागं नुसता डोंगर. हे सांगणारे रशीदमामू, आमचे सगळ्यात जुने आचारी. मी विचारलं, “मामू, तेव्हाचं जेवण कसं होतं?”

“पहले दाल में पानीच पानी रहता था, बाई. पोरं शिव्या देते थे. अब दाल है, तो पानी नै.”

मी हे जसंच्या तसं लिहून नेलं. अध्यक्षांनी त्यावर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘सकस आहाराची उज्ज्वल परंपरा’.

*

शेडच्या मागं विहीर होती. तिनं दोन मेस पोसल्या. मग शहर सरकत सरकत विद्यापीठाच्या कंपाउंडला येऊन टेकलं. भिंतीपलीकडं इमारती उठल्या, प्रत्येकीचं वेगळं बोअर, एकीला तर पोहायचा तलाव. विहीर आटली.

मी बैठकीत म्हणाले, “सर, या इमारतींच्या बोअरबद्दल आपण तक्रार करायला हवी.”

अध्यक्ष म्हणाले, “मॅडम, तुम्ही नवीन आहात. माझाच फ्लॅट आहे तिथं. पाण्याची काहीएक टंचाई नाही. उगीच अफवा पसरवू नका.”

*

नवीन भोजनगृहाचं उद्घाटन ऐन उन्हाळ्यात झालं. भिंतीला ओळीनं चकचकीत बेसिनं. नळाखाली हात धरला की पाणी आपोआप येणार, अशी सोय. त्या दिवशी ते यावं म्हणून टँकर मागवला होता. उद्घाटकांनी हात धरला, पाणी आलं, टाळ्या पडल्या. मंत्र्यांनी धरणाचं पाणी सोडल्यावरही एवढ्या पडत नाहीत.

टँकर संपला, नळ संपले. मग बेसिनांवर बोर्ड लागला, ‘पाण्याचा अपव्यय टाळा’.

रशीदमामू म्हणाले, “बोर्ड अच्छा है. पोरं उसको देखके हाथ पोंछ लेते.”

*

मेसचा निकाल लावायची बैठक भोजनगृहातच झाली, तीही जेवणाच्या वेळेला; अध्यक्ष एकच, म्हणून आम्हा स्मरणिकावाल्यांनाही बोलावलं होतं. मुलं बाहेर पायऱ्यांवर ताटं घेऊन बसली आणि आत त्यांच्या जेवणावर चर्चा रंगली. एकानं सुचवलं, भात बंद करा, भाताला पाणी फार लागतं. दुसरे म्हणाले, मुलांनी गावाकडून डबे मागवावेत, एसटीनं येतात की.

मी म्हणाले, “सर, त्यांच्या गावांत पाण्याचा टँकर आठवड्यातून एकदा येतो.”

“मग त्यांना सवय आहेच,” अध्यक्ष म्हणाले, आणि ठराव मंजूर झाला. सोमवारपासून मेस बंद.

*

सोमवारी दारावर नोटीस लागली. पण त्याच आठवड्यात अजिंठ्याला जाणारं एक परदेशी शिष्टमंडळ जेवायला यायचं होतं. म्हणून अध्यक्षांनी खाली एक ओळ वाढवली, ‘पाहुण्यांसाठी सुरू राहील’. पाहुण्यांसाठी रोजचा टँकरही मंजूर झाला.

मंगळवारी सुनीताचे वडील किसनराव तिला न्यायला आले. तिची बॅग भरलेली. मी गयावया केली. ते म्हणाले, “बाई, उपाशी लेकरू कसं ठिवू इथं?” निघताना ते मेसच्या दारात थांबले, सुनीताकडून नोटीस वाचून घेतली आणि वॉचमनला विचारलं, “दादा, पाव्हणा म्हंजी कोण?”

“बाहेरून आलेला माणूस.”

“मी पिशोरहून आलोय.”

वॉचमन बाजूला झाला. किसनराव आत जाऊन बसले, सुनीताला शेजारी बसवलं.

“अहो, ती तर इथलीच विद्यार्थिनी आहे,” वॉचमन म्हणाला.

“मंग? पाव्हणा एकटा जेवत असतो व्हय? घरचं कुणीतरी पंगतीला बसावं लागतं.”

रशीदमामूंनी दोन ताटं वाढली. जेवण झाल्यावर किसनराव म्हणाले, “सुने, बॅग खोलीवर ठिव.” आणि दोन-चार फोन लावायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी देवगाव रंगारीहून एकाचे वडील आले, कन्नडहून एकीची आत्या, कुठून कुणाचा मामा. प्रत्येक पाहुण्याच्या शेजारी एक विद्यार्थी. पुढं पुढं तर एका पाहुण्याच्या पंगतीला पाच-पाच. वॉचमननं विचारणं सोडून दिलं.

शेवटी अध्यक्ष स्वतः आले. हॉल भरलेला. नोटीस त्यांच्याच सहीची, त्यामुळं ओरडताही येईना. ते किसनरावांजवळ गेले आणि फार गोड आवाजात म्हणाले, “काय मग, मुक्काम किती दिवस?”

किसनरावांनी पोळी आमटीत चुरली.

“घाई नाय, साहेब. पाऊस पडला की निघतो.”